वनस्पती पेशी आणि प्राणी पेशी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वनस्पती पेशीला भित्तिका असते, हरितलवकं असतात, मोठी रिक्तिका असते. प्राणी पेशीत यांतलं काही नसतं. एवढं बहुतेकांना शाळेपासून पाठ असतं आणि ढोबळपणे ते बरोबरही आहे. पण दोन रकान्यांच्या तक्त्यात हे मुद्दे एकाखाली एक मांडले की ते सुटे सुटे वाटू लागतात, यांतला एखादा नसता तरी चाललं असतं असं वाटतं. प्रत्यक्षात ते एकमेकांत घट्ट अडकलेले आहेत. भित्तिका आहे म्हणून रिक्तिकेला फुगता येतं, भित्तिका आहे म्हणून पेशीला वेगळ्या रीतीने विभागावं लागतं, भित्तिका आहे म्हणून शेजारणीशी संपर्काची वेगळी सोय करावी लागते. खालची उत्तरं हा धागा धरून लिहिली आहेत.

फरकाकडे वळण्याआधी: दोन्ही पेशींत सारखं काय असतं?

जवळजवळ सगळं. पेशीपटल, पेशीद्रव्य, केंद्रक, केंद्रकातली गुणसूत्रं, प्रथिनं तयार करणारे रायबोझोम, आंतर्द्रव्यजालिका, गॉल्गी संकुल, तंतुकणिका आणि पेशीला आतून आधार देणारं प्रथिनांच्या तंतूंचं जाळं हे सगळं दोघींकडे आहे. डीएनएची लिपी एकच, त्यावरून प्रथिन बनवण्याची रीत एकच, ऊर्जा साठवण्याचं चलन एकच, ते म्हणजे एटीपी.

हे साम्य लक्षात यायला बराच काळ गेला. रॉबर्ट हूक यांनी 1665 साली बुचाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तेव्हा त्यांना दिसल्या त्या मेलेल्या वनस्पती पेशींच्या रिकाम्या भित्तिका. प्राण्यांच्या ऊतींत अशा ठळक चौकटी दिसत नाहीत, त्यामुळे प्राण्यांची शरीरंही पेशींचीच बनलेली असतील हे पटणं अवघड होतं. दुवा सापडला तो केंद्रकात. रॉबर्ट ब्राउन यांनी 1831 साली ऑर्किडच्या पेशींमध्ये केंद्रकाचं वर्णन केलं. पुढे मथियास श्लायडेन यांनी वनस्पतींच्या पेशींमधल्या केंद्रकाबद्दल सांगितलेलं ऐकून थिओडोर श्वान यांना आपण प्राण्यांच्या ऊतींत पाहिलेले तसेच गोळे आठवले. श्लायडेन यांनी 1838 साली वनस्पतींसाठी आणि श्वान यांनी 1839 साली प्राण्यांसाठी पेशी सिद्धांत मांडला. भिंती शोधत बसलो असतो तर हे साम्य कधी दिसलंच नसतं.

पेशीभित्तिका आणि पेशीपटल एकच का?

नाही, आणि ही गल्लत फार होते. पेशीपटल सगळ्या पेशींना असतं. ते मेद आणि प्रथिनांचं, जेमतेम 7 ते 8 नॅनोमीटर जाडीचं, लवचीक आणि जिवंत आवरण आहे. काय आत येऊ द्यायचं आणि काय नाही हे ते ठरवतं, म्हणून त्याला निवडक्षम पारपटल म्हणतात.

पेशीभित्तिका या पटलाच्या बाहेर असते. ती पटलापेक्षा कितीतरी जाड आणि ताठ असते, पण पाणी आणि लहान रेणू तिच्यातून सहज आरपार जातात. म्हणजे वनस्पती पेशीत राखण करतं ते पटल आणि आकार देते, ताण पेलते ती भित्तिका. वनस्पती पेशीला दोन्ही आहेत. ‘प्राणी पेशीला पटल आणि वनस्पती पेशीला भित्तिका’ असं लिहिलं की उत्तर चुकलं.

भित्तिका कशाची बनलेली असते? ती निर्जीव असते का?

मुख्य घटक सेल्युलोज. ग्लुकोजचे हजारो रेणू सरळ रेषेत जोडले जाऊन त्याच्या साखळ्या होतात, साखळ्यांचे अतिसूक्ष्म तंतू होतात आणि हे तंतू पेक्टिन व इतर शर्करांच्या लगद्यात रोवलेले असतात. दोन शेजारी पेशींच्या मध्ये पेक्टिनचा एक सामायिक थर असतो, तो त्यांना चिकटवून ठेवतो. फळ पिकताना मऊ पडतं ते मुख्यतः हे पेक्टिन विरघळू लागल्यामुळे.

वाढत्या पेशीभोवती असते ती प्राथमिक भित्तिका, पातळ आणि ताणता येणारी. वाढ पूर्ण झाल्यावर काही पेशी तिच्या आतल्या बाजूने दुय्यम भित्तिका घालतात आणि तिच्यात लिग्निन भरतात. लाकूड कठीण होतं ते या लिग्निनमुळे. पाणी वाहून नेणाऱ्या जलवाहिन्यांच्या पेशी तर भित्तिका पक्की झाली की स्वतः मरून जातात आणि त्यांच्या रिकाम्या भित्तिकांमधून पाणी वर चढतं.

भित्तिकेत पेशीद्रव्य नसतं, त्या अर्थाने ती निर्जीव. पण तिला नुसता मृत पापुद्रा समजणं मला पटत नाही. तिच्यात विकरं असतात, वाढीच्या वेळी पेशी तिला हवी तिथे सैल करते, रोगजंतूचा हल्ला झाला तर त्या जागी ती जाड करते. सेल्युलोजचे तंतू कोणत्या दिशेने विणायचे हेही पेशीच ठरवते आणि त्यावरूनच ती लांबट वाढणार की सगळीकडे सारखी फुगणार हे ठरतं.

वनस्पतींनाच भित्तिकेची गरज का पडते? प्राण्यांचं तिच्यावाचून कसं भागतं?

याचं उत्तर पाण्यात आहे. पेशीच्या आत क्षार, शर्करा, प्रथिनं विरघळलेली असतात. बाहेरचं पाणी त्या मानाने पातळ असेल तर ते परासरणाने आत शिरतं. झाडाची मुळं ज्या पाण्यात असतात ते बहुतेक वेळा पेशीतल्या द्रवापेक्षा खूपच पातळ असतं. आत येणाऱ्या पाण्याला कोणी अडवलं नाही तर पेशी फुगत जाऊन फुटेल.

वनस्पतीने पाण्याला अडवलं नाही, त्याला कामाला लावलं. पाणी आत येतं, पेशी फुगते, पटल भित्तिकेवर दाबलं जातं, भित्तिका उलटा दाब देते आणि एका मर्यादेनंतर आणखी पाणी शिरत नाही. हा आतला दाब किती असावा? 0.5 मेगापास्कलच्या आसपासचा दाब वनस्पती पेशींत सर्रास आढळतो, म्हणजे मोटारीच्या टायरमधल्या हवेच्या दाबाच्या दुपटीहून जास्त. कोवळं रोप हाडांशिवाय ताठ उभं राहतं ते या दाबावर. पाणी कमी पडलं की दाब उतरतो आणि पानं मलूल होतात. पाणी मिळालं की काही वेळात पुन्हा उभी राहतात. पर्णरंध्रं उघडतात-मिटतात ती रक्षक पेशींतला हा दाब चढल्या-उतरल्यामुळे. लाजाळूची पानं मिटतात तेव्हाही देठाच्या बुडाशी असलेल्या फुगीर भागातल्या पेशी झटकन पाणी सोडून सैल पडलेल्या असतात.

प्राण्यांनी दुसरी वाट धरली. पेशींभोवतीचा द्रवच पेशीतल्या द्रवाच्या तोडीचा ठेवायचा, म्हणजे पाणी ना फार आत येणार ना फार बाहेर जाणार. आपलं मूत्रपिंड सतत जी कामं करतं त्यांत हे एक मोठं काम आहे. शिरेतून द्यायच्या सलाइनमध्ये 0.9 टक्के मीठ असतं ते उगाच नाही. शुद्ध पाणी थेट रक्तात गेलं तर तांबड्या पेशी फुगून फुटतील. भित्तिका नसल्याची ही किंमत आहे, पण तिचा मोबदलाही मोठा आहे: प्राणी पेशी आकार बदलू शकते, सरपटू शकते, आकुंचन पावू शकते. स्नायू, धडधडणारं हृदय, जिवाणूला वेढून गिळणारी पांढरी पेशी यांतलं काहीच ताठ भित्तिकेच्या आत शक्य नव्हतं.

वनस्पती पेशी मिठाच्या तीव्र द्रावणात ठेवली तर?

पाणी बाहेर जातं, आतला भाग आक्रसतो आणि पटल भित्तिकेपासून सुटून आत ओढलं जातं. याला रससंकोच म्हणतात. भित्तिका मात्र होती तिथेच राहते. भित्तिका आणि पटल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे डोळ्यांनी पाहायचं असेल तर यापेक्षा चांगला प्रयोग नाही. पेशी जिवंत असतानाच तिला परत साध्या पाण्यात ठेवलं तर ती बहुधा पूर्ववत होते. त्याच द्रावणात प्राणी पेशी सरळ सुरकुतते, कारण तिच्या पटलाबाहेर मागे राहायला काही नसतंच.

रिक्तिका एवढी मोठी कशाला हवी? ती रिकामी असते का?

पूर्ण वाढलेल्या वनस्पती पेशीचा 80 ते 90 टक्के भाग ही एकच रिक्तिका व्यापते. केंद्रक, लवकं, पेशीद्रव्य सगळं कडेला ढकललेलं असतं. नावावरून ती रिकामी वाटते खरी, पण पेशीतला इतका भरलेला भाग दुसरा सापडणार नाही: पाणी, शर्करा, क्षार, सेंद्रिय आम्लं, रंगद्रव्यं, किड्यांना दूर ठेवणारी कडू आणि विषारी द्रव्यं, काही वनस्पतींत कॅल्शियम ऑक्झलेटचे स्फटिक.

पण मला तिचं सर्वांत मोठं काम वाटतं ते वाढीचं. प्राणी पेशीला मोठं व्हायचं तर नवं पेशीद्रव्य, नवी प्रथिनं तयार करावी लागतात आणि प्रथिनाला नायट्रोजन लागतो, जो झाडाला जमिनीतून मोजकाच मिळतो. वनस्पती पेशी भित्तिका थोडी सैल सोडते, रिक्तिकेत पाणी ओढून घेते आणि कितीतरी पट मोठी होते. स्वस्तात वाढ. जागची हलू न शकणाऱ्या जिवाला प्रकाश आणि पाणी गाठायला जास्तीत जास्त पसरावं लागतं, ते या युक्तीने साधतं. शिवाय पेशीद्रव्य कडेच्या पातळ थरात पसरल्यामुळे हरितलवकं प्रकाशाच्या आणि कार्बन डायऑक्साइडच्या जवळ राहतात.

रंगाबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. बीट आणि टोमॅटो दोन्ही लाल, पण बीटाचा रंग रिक्तिकेतल्या पाण्यात विरघळलेला असतो, तर टोमॅटोचा वर्णलवक नावाच्या रंगीत कणांत, मेदात विरघळणाऱ्या रूपात. म्हणून बीट उकळलं की पटलं फुटून सगळं पाणी लाल होतं आणि टोमॅटोचा रंग पाण्यापेक्षा तेलात जास्त उतरतो. रंग पेशीच्या कोणत्या भागात आहे हे असं ओळखता येतं.

मग प्राणी पेशीत रिक्तिका नसतेच?

असते, पण लहान, अनेक आणि बहुतेक तात्पुरत्या. अमिबासारख्या एकपेशीय जिवांत अन्नरिक्तिका आणि जास्तीचं पाणी बाहेर फेकणारी आकुंचनशील रिक्तिका असते. नसते ती मध्यभागी ठाण मांडून बसलेली मोठी कायम रिक्तिका.

वनस्पती पेशीत तंतुकणिका असतात का? त्यांना हरितलवकं आहेत ना?

असतात. प्रत्येक जिवंत वनस्पती पेशीत असतात असं धरून चाला. ‘वनस्पतींना हरितलवक, प्राण्यांना तंतुकणिका’ हा या विषयातला सर्वांत घट्ट रुजलेला गैरसमज आहे आणि तो खोडून काढावा असं मला मनापासून वाटतं, कारण त्याच्यामागून ‘झाडं श्वसन करत नाहीत’ किंवा ‘झाडं फक्त रात्री श्वसन करतात’ ही पुढची चूक येते.

हरितलवक प्रकाशाच्या ऊर्जेवर कार्बन डायऑक्साइड आणि पाण्यापासून शर्करा तयार करतं. ती शर्करा जाळून पेशीच्या इतर कामांसाठी एटीपी मिळवण्याचं काम बरंचसं तंतुकणिकाच करतात. रात्री, किंवा मातीखालच्या मुळात, किंवा रुजणाऱ्या बीमध्ये प्रकाशसंश्लेषण नसतंच. तिथे सगळी भिस्त तंतुकणिकांवर. झाडं दिवसरात्र श्वसन करतात. उन्हात प्रकाशसंश्लेषणाचा वेग त्याहून खूप जास्त असतो, म्हणून एकूण हिशेबात ऑक्सिजन बाहेर पडताना दिसतो, एवढंच.

सगळ्या वनस्पती पेशी हिरव्या असतात का?

नाही. पानातल्या एका पेशीत 20 ते 100 हरितलवकं असू शकतात, पण मुळाच्या किंवा कांद्याच्या पापुद्र्याच्या पेशीत एकही नसतं. पानाच्या बाह्यत्वचेतही बहुतेक वनस्पतींत ठळक हरितलवकं दिसतात ती रक्षक पेशींतच.

‘हरितलवक’ऐवजी ‘लवक’ हा शब्द आधी मनात धरावा. लवकं हे एक कुटुंब आहे. कोवळ्या पेशीत ती साधी, बिनरंगी असतात; पेशीचं काम ठरलं की त्याप्रमाणे त्यांचं रूप ठरतं. प्रकाशात हरितलवक, फळा-फुलांत वर्णलवक, साठवणीच्या जागी स्टार्चने भरलेलं अवर्णलवक. आणि हे रूप बदलूही शकतं. हिरवा टोमॅटो पिकताना हरितलवकांची वर्णलवकं होतात. बटाटा उजेडात राहिला तर त्याची स्टार्चची लवकं हिरवी होऊ लागतात. मुळाच्या टोकाशी असलेली स्टार्चने जड झालेली लवकं पेशीच्या तळाशी बसतात आणि खाली कोणती बाजू हे मुळाला त्यावरून कळतं.

प्राणी पेशीत लवक कोणत्याच रूपात नसतं. साठवणीचा फरकही याच्याशीच जोडलेला आहे: वनस्पती स्टार्च साठवते आणि तो लवकात, प्राणी ग्लायकोजेन साठवतो आणि तो पेशीद्रव्यात.

हरितलवक आणि तंतुकणिका यांच्याकडे स्वतःचा डीएनए कसा?

कारण दोघांचे पूर्वज कधीकाळी स्वतंत्र जगणारे जिवाणू होते. प्राचीन पेशीने ऑक्सिजन वापरणारा एक जिवाणू आत घेतला, तो पचवला गेला नाही, टिकला, आणि त्याच्या तंतुकणिका झाल्या. हे झालं वनस्पती आणि प्राणी यांच्या वाटा वेगळ्या होण्याआधी, म्हणून तंतुकणिका दोघांकडे आहेत. पुढे यांतल्याच एका शाखेने प्रकाशसंश्लेषण करणारा नीलहरित जिवाणू आत घेतला, त्याची हरितलवकं झाली. ती शाखा म्हणजे वनस्पती आणि त्यांचे शैवाल भाऊबंद. कुणाकडे काय आहे हे पाठ करण्यापेक्षा हा क्रम समजून घ्यावा, मग पाठ करावं लागत नाही.

कॉन्स्टँटिन मेरेझकोव्हस्की यांनी 1905 साली हरितलवकांबद्दल ही कल्पना मांडली होती. ती मागे पडली. लिन मार्ग्युलिस यांनी अनेक नियतकालिकांचा नकार पचवून 1967 साली ती नव्याने आणि सविस्तर मांडली. आज पुरावे भक्कम आहेत. दोन्ही अंगकांना दुहेरी आवरण असतं, दोन्ही जिवाणूंसारखी दुभंगून वाढतात, दोन्हींचे रायबोझोम जिवाणूंच्या धर्तीचे असतात. स्ट्रेप्टोमायसिन हे जिवाणूंच्या रायबोझोमवर काम करणारं प्रतिजैविक युग्लीना या हिरव्या एकपेशीय जिवाला दिलं की त्याचा हिरवा रंगच जातो! बहुतेक जनुकं काळाच्या ओघात केंद्रकात गेली. माणसाच्या तंतुकणिकेत उरलेल्या डीएनएची लांबी त्याच्या लिपीतल्या अक्षरांच्या 16,569 जोड्यांची आहे आणि त्यात 37 जनुकं आहेत. हरितलवकाचा डीएनए बहुतेक वनस्पतींत 1,20,000 ते 1,60,000 जोड्यांचा असतो.

भित्तिका मध्ये असताना वनस्पती पेशी एकमेकींशी संपर्क कसा ठेवतात?

भित्तिकेतल्या बारीक वाटांमधून. या वाटांना प्लाझ्मोडेस्माटा म्हणतात. प्रत्येक वाट साधारण 50 नॅनोमीटर रुंद असते आणि तिच्यातून एका पेशीचं पटल व पेशीद्रव्य अखंडपणे दुसरीत जातं. आंतर्द्रव्यजालिकेचा एक धागाही तिच्यातून आरपार गेलेला असतो. शर्करा, संप्रेरकं, काही प्रथिनं आणि आरएनएसुद्धा अशा प्रवास करतात. वनस्पतींचे विषाणूही याच वाटांनी पसरतात; आपली प्रथिनं वापरून ते वाट रुंद करून घेतात.

प्राणी पेशींच्या पटलांतही जोडछिद्रं असतात, पण ती प्रथिनांची, अतिशय अरुंद, आयन आणि लहान रेणूंपुरती. हृदयाच्या पेशी एकाच तालात आकुंचन पावतात ते या छिद्रांमुळे.

विभाजनात फरक का पडतो?

गुणसूत्रं वेगळी होईपर्यंत दोन्हीकडे जवळपास सारखं घडतं. फरक पडतो तो शेवटच्या पायरीला. प्राणी पेशीच्या मध्यावर, पटलाच्या आतून, प्रथिनांच्या तंतूंचं कडं तयार होतं, ते आवळत जातं आणि बाहेरून आत खाच पडून पेशीचे दोन भाग होतात. ताठ भित्तिका असलेल्या पेशीला असं आवळता येणार नाही. म्हणून वनस्पती पेशी उलटीकडून सुरुवात करते: गॉल्गी संकुलातून भित्तिकेचा माल घेऊन आलेल्या पिटिका, म्हणजे बारीक पिशव्या, मध्यभागी जमतात, एकमेकींत मिसळून एक पट्टी बनते आणि ती आतून बाहेर वाढत कडेच्या भित्तिकेला जाऊन मिळते. मघाच्या प्लाझ्मोडेस्माटाच्या वाटा बऱ्याचशा इथेच, पट्टी बनताना मोकळ्या राहिलेल्या असतात.

वनस्पती पेशीत तारककेंद्र नसतं, मग तुर्कतंतू कुठून येतात?

विभाजनात गुणसूत्रं ओढून वेगळी करतात ते तुर्कतंतू; प्राणी पेशीत ते तारककेंद्रांपासून निघतात. पण तुर्कतंतू तयार करायला तारककेंद्र लागतंच असं नाही. वनस्पती पेशीत ते केंद्रकाच्या आवरणाभोवती आणि गुणसूत्रांच्या आसपास विखुरलेल्या ठिकाणांहून उगवतात. ‘वनस्पतींत तारककेंद्र नसतं’ हे विधानही मुख्यतः सपुष्प आणि सूचिपर्णी वनस्पतींपुरतंच पक्कं आहे. शेवाळी, नेचे, सायकस आणि गिंको यांच्या पोहणाऱ्या नर पेशींत कशाभिका, म्हणजे पोहण्यासाठीचे शेपटीसारखे धागे, असतात आणि त्यांच्या बुडाशी तारककेंद्रासारखी रचना असते. गिंकोच्या पोहणाऱ्या नर पेशींचा शोध साकुगोरो हिरासे यांनी 1896 साली लावला. पोहायचं असेल तर ही रचना लागते. परागनलिकेतून नर पेशी थेट पोहोचवायची सोय झाल्यावर सपुष्प वनस्पतींनी ती सोडून दिली.

लयकारिका फक्त प्राणी पेशीतच असतात का?

लयकारिका म्हणजे टाकाऊ भाग पचवणाऱ्या विकरांच्या बारीक पिशव्या. प्राणी पेशीत त्या ठळक असतात. वनस्पती पेशीत टाकाऊ भागांचं विघटन बरंचसं रिक्तिकाच करते. तिच्यातला द्रव आम्लधर्मी असतो आणि त्यात पाचक विकरं असतात. म्हणून परीक्षेत ‘नसतात’ असं लिहिण्यापेक्षा ‘ते काम प्रामुख्याने रिक्तिका करते’ असं लिहिलेलं जास्त बरोबर.

मोठी कोण?

सरासरीने वनस्पती पेशी. प्राणी पेशी बहुधा 10 ते 30 मायक्रोमीटरच्या, वनस्पती पेशी 10 ते 100 मायक्रोमीटरच्या. टोकाची उदाहरणं दोन्हीकडे आहेत. कापसाचा एक तंतू ही बीच्या सालीवरची एकच लांबलेली पेशी असते. माणसाच्या पाठीच्या कण्यापासून पायापर्यंत जाणारा चेतापेशीचा तंतू जवळपास मीटरभर लांब असतो.

झाडांना कर्करोग होतो का?

गाठी होतात, पण त्या प्राण्यांतल्या कर्करोगासारख्या अंगभर पसरत नाहीत. ॲग्रोबॅक्टेरियम नावाचा जिवाणू आपल्या डीएनएचा तुकडा वनस्पती पेशीत घुसवतो आणि खोडावर बेसुमार वाढणारी गाठ येते. तिथेही पेशींचं विभाजन ताब्याबाहेर गेलेलं असतं. पण या पेशी शेजारच्या पेशींना भित्तिकांनी चिकटलेल्या आहेत; त्या सुटून दुसरीकडे जाऊन नवी गाठ करू शकत नाहीत. प्राण्यांत कर्करोग जिवावर उठतो तो बहुतांशी पेशींच्या भटकण्यामुळे, आणि भटकता येणं ही भित्तिका नसण्याचीच दुसरी बाजू.

एका पेशीपासून पूर्ण झाड वाढवता येतं, प्राणी का नाही?

वनस्पतींच्या अनेक परिपक्व पेशी योग्य संप्रेरकं आणि पोषण मिळालं की पुन्हा विभागू लागतात आणि भ्रूणासारखी वाढ सुरू करतात. फ्रेडरिक स्टीवर्ड यांनी 1958 साली गाजराच्या मुळातल्या पेशींपासून रोपं मिळवून दाखवली. शिप्रा गुहा आणि सतीश माहेश्वरी यांनी 1964 साली धोत्र्याच्या परागकोशांपासून भ्रूण वाढवले, ज्यांच्यात गुणसूत्रांचा एकच संच होता. प्राण्यांची परिपक्व पेशी एकदा स्नायू किंवा त्वचा झाली की सहसा मागे फिरत नाही. झाडाला याची गरजही जास्त: तोडलेली फांदी, खाल्लेलं पान त्याला जागच्या जागी नव्याने उभं करावं लागतं.

भित्तिका दिसली म्हणजे वनस्पती पेशी, असं म्हणता येईल?

नाही. बुरशीला भित्तिका असते, ती मुख्यतः कायटिनची. बहुतेक जिवाणूंनाही असते, तिचं रसायन आणखी वेगळं. पेनिसिलिन तिच्यावरच घाव घालतं आणि आपल्या पेशींना तशी भित्तिका नसल्यामुळे त्यांना ते बाधत नाही. उलट युग्लीनाकडे हरितलवकं आहेत पण सेल्युलोजची भित्तिका नाही. समुद्रातल्या एलिसिया क्लोरोटिका या गोगलगायीच्या जातीतल्या प्राण्याची तर आणखी गंमत आहे. तो शैवाल खातो, त्यातली हरितलवकं न पचवता आपल्या पेशींत ठेवून घेतो आणि ती महिनोन्‌महिने टिकतात. पिलांना मात्र ती वारशाने मिळत नाहीत, प्रत्येकाला शैवाल खाऊनच मिळवावी लागतात.

सूक्ष्मदर्शकाखाली स्वतः पाहायचं असेल तर कुठून सुरुवात करावी?

कांद्याच्या आतल्या पापुद्र्याचा पातळ तुकडा, वर आयोडीनचा थेंब. विटांसारख्या रचलेल्या पेशी आणि कडेला सरकलेली केंद्रकं दिसतील. हरितलवक शोधू नका, इथे ते नाही. हरितलवकांसाठी हायड्रिलाचं पान घ्या. त्याची जाडी दोनच पेशींची असते, त्यामुळे कापावं लागत नाही. दिव्याच्या उबेत थोडा वेळ ठेवलं तर हिरवे ठिपके पेशीच्या कडेकडेने सरकताना दिसतात, कारण रिक्तिकेभोवतीचं पेशीद्रव्य फिरत असतं. ते पाहिल्यावर वनस्पती पेशी निश्चल असते हा समज राहत नाही.

प्राणी पेशीसाठी गालाच्या आतून स्वच्छ कापसाच्या काडीने हलकेच खरवडून घ्या आणि मिथिलीन ब्लूने रंगवा. कडा अनियमित, पेशी कुठे एकमेकींवर चढलेल्या, केंद्रक बहुधा मध्यावर. प्रकाश कमी ठेवा. पटल इतकं पातळ असतं की भरपूर उजेडात पेशीची कड हरवते. तंतुकणिका, रायबोझोम, आंतर्द्रव्यजालिका शोधत बसू नका, साध्या सूक्ष्मदर्शकात त्या नीट दिसत नाहीत. पुस्तकातल्या आकृत्यांमधला तो सगळा तपशील इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने मिळालेला आहे. शेवटी कांद्याच्या दुसऱ्या पापुद्र्यावर मिठाचं दाट द्रावण सोडा. यासाठी लाल कांदा घ्या, बाहेरच्या बाजूचा जांभळट पापुद्रा, कारण रिक्तिकेतला रंग आक्रसताना स्पष्ट दिसतो आणि रंगवायची गरज पडत नाही.